एका खटक्याचा इतिहास

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें राज्यें, लढाया आणि तहनामे उभे राहतात. त्याहून थोडें पुढें जाणारा वाचक फार तर वाफेचें यंत्र, तारायंत्र आणि मुद्रणकला यांना इतिहासाच्या पंक्तीला बसवितो. परंतु ज्या वस्तूला आपण दिवसांतून अनेक वेळां बोट लावतों आणि जिच्याकडे एकदांही नीट पाहत नाहीं, त्या दिव्याच्या खटक्यालाही इतिहास असतो, हें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. खटका चालतो तोंपर्यंत तो कोणालाच दिसत नाहीं. तो बिघडला म्हणजे मात्र त्याच्यावांचून दुसरें कांहीं दिसेनासें होतें. आणि तो खटका जर रात्रीच्या वेळीं ताशीं ६० मैल वेगानें धांवणाऱ्या मोटारीचा असेल, तर त्याच्याशीं माणसाच्या जिवाचाच संबंध येतो.

इंग्लंडांत तयार झालेली ‘एमजीबी’ ही दोन आसनांची, उघड्या टपाची मोटार आज जगभर जुन्या गाड्यांच्या शौकिनांनीं जपून ठेविली आहे. या गाडीच्या पुढच्या दिव्यांचा प्रकाश हळूहळू मंद होतो, मग दिवे लुकलुकूं लागतात आणि एखाद्या रात्रीं दोन्ही एकदम विझतात, ही तक्रार तिच्या मालकांत फार जुनी आहे. बहुतेक वेळां दोष खटक्याचा ठरतो, आणि खटका करणाऱ्या कारखान्याच्या नांवानें बोटें मोडून मंडळी मोकळी होतात. हा दोष मुळांत येतो कोठून, तो दूर कसा करतात, आणि त्याचें खापर योग्य माथ्यावर फुटतें कीं नाहीं, हें पाहण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

अगदीं पहिल्या मोटारींना खटका नव्हता. कारण खटक्यानें लागेल असा दिवाच नव्हता. घोडागाडीच्या दोन बाजूंना जे तेलाचे कंदील असत, तेच मोटारीला लाविले गेले. रस्ता दिसावा यापेक्षां गाडी इतरांना दिसावी, एवढाच त्यांचा उपयोग. घोड्याच्या चालीला तेवढा उजेड पुरत असे. शिवाय घोड्याला स्वतःचे डोळे होते. मोटारीला ते नसल्यामुळें वेग वाढतांच कंदील अपुरा पडूं लागला.

त्याची जागा ॲसिटिलीन वायूच्या दिव्यानें घेतली. हा वायु एडमंड डेव्ही यानें १८३६ सालींच शोधून काढिला होता; परंतु तो ज्यापासून सहज निघतो तें कॅल्शियम कार्बाइड विपुल प्रमाणांत करण्याची युक्ति टॉमस विल्सन यास १८९२ सालीं साधली, आणि मग हा दिवा व्यवहारांत आला. खालच्या डब्यांत कार्बाइडचे खडे, वरच्या डब्यांत पाणी. पाण्याचा थेंब खड्यांवर पडला कीं वायु निघे आणि रबरी नळींतून अंतर्गोल आरशापुढील ज्योतीकडे जाई. आपल्याकडील जत्रांतून फेरीवाल्यांचे कार्बाइडचे दिवे ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांना त्याचा तो पांढराशुभ्र उजेड आणि लसणासारखा उग्र वास आठवत असेल. मोटारीचा दिवा लावावयाचा म्हणजे तिन्हीसांजेला गाडी थांबवावयाची, खाली उतरावयाचें, पाण्याचा नळ सोडावयाचा, वायु येईपर्यंत वाट पाहावयाची आणि वाऱ्याच्या आडोशाला काडी ओढावयाची. दुसऱ्या दिवशीं डब्यांतील चुन्याचा चिखल खरवडून काढावयाचा तो वेगळाच. अमेरिकेंत १९०४ पासून वायूनें भरलेल्या तयार नळकांड्या मिळूं लागल्या, त्यामुळें चिखल गेला. काडी मात्र राहिली. दिवा लावणें हें त्या काळीं एक स्वतंत्र कर्म होतें. तो आपोआप लागत नसे.

विजेचा दिवा माहीत असूनही मोटारीवर यावयास उशीर लागला, याला दोन कारणें होतीं. जुन्या दिव्यांतील कोळशाचा तंतु रस्त्याचे धक्के सोसत नसे, आणि घटमालेंतील वीज संपली म्हणजे ती गाडींतच पुन्हां भरण्याची सोय नव्हती. १९०४ सालीं टंगस्टन धातूच्या तंतूचा दिवा निघाला आणि १९१० च्या सुमारास विल्यम कूलिज यानें या ठिसूळ धातूची चिवट तार ओढून दाखविली, तेव्हां पहिली अडचण सरली. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या लहान जनित्रानें दुसरी सरली. अमेरिकेंत १९१२ च्या कॅडिलॅक गाडीवर चार्ल्स केटरिंग याची विजेनें गाडी सुरू करण्याची व दिवे लावण्याची योजना आली. जर्मनींत १९१३ सालीं बॉश कारखान्यानें जनित्र, नियामक आणि दिवे मिळून एक संपूर्ण संच विकावयास काढिला. त्याच वेळीं चालकासमोरील फळीवर एक लहानसें बटण आलें. आमचा खटका जन्मला तो असा.

या सोयीबरोबर एक परावलंबनही आलें, तें मात्र कोणाच्या फारसें लक्षांत आलें नाहीं. ॲसिटिलीनचे दोन दिवे म्हणजे दोन स्वतंत्र ज्योती. एक विझली तरी बहुधा दुसरी जळत राही. विजेचे दोन दिवे म्हणजे एकच घटमाला, एकच मुख्य तार आणि एकच खटका. दोन्ही डोळ्यांना एकच शीर असावी तसें झालें. ती शीर तुटली कीं दोन्ही डोळे एकदम गेले.

आतां त्या कारखान्याकडे वळूं. जोसेफ लुकास याचा जन्म १८३४ सालीं बर्मिंगहॅम येथें झाला. १८६० च्या सुमारास तो हातगाडीवर दिव्याचें तेल विकत गल्लोगल्लीं फिरत असे. पुढें त्यानें गलबतांसाठीं कंदील केले. सायकली आल्या तेव्हां त्यांच्या चाकाच्या तुंब्यांत टांगावयाचा एक दिवा काढिला आणि त्याला ‘मार्गाचा राजा’ या अर्थाचें भारदस्त इंग्रजी नांव दिलें. हा दिवा १८७९ च्या सुमारास बाजारांत आला आणि त्यानें लुकासचें घर भरलें. १९०२ सालीं तो वारला. त्याच्या वंशजांनीं कारखाना मोटारीच्या विद्युत्सामग्रीकडे वळविला. १९१४ सालीं मॉरिस मोटारींना सामान पुरविण्याचा करार झाला, आणि १९२६ सालीं सी. ए. व्हँडरव्हेल व रोटॅक्स हे दोन प्रतिस्पर्धी लुकासनें विकत घेतले. त्यानंतर इंग्लंडांतील मोटारींचे दिवे, जनित्रें आणि खटके बहुतांशीं एकाच घरून येऊं लागले. चेन्नई येथें १९६१ सालीं निघालेल्या लुकास-टीव्हीएस या कारखान्यामुळें हें नांव आपल्याकडील मोटारवाल्यांच्याही ओळखीचें झालें.

दिवे प्रखर होत गेले तसा समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांना त्रास होऊं लागला. म्हणून प्रकाशाचा झोत खालीं झुकविण्याच्या नाना युक्त्या निघाल्या. इंग्लंडांतील कित्येक गाड्यांत उजवा दिवा विझून डाव्याचा आरसा विद्युच्चुंबकानें खालीं कलत असे. पुढें एकाच दिव्यांत दोन तंतु घालण्याची रीत रूढ झाली. अशा रीतीनें एका खटक्याचे दोन झाले: दिवे लावण्याचा हाताशीं, झोत बदलण्याचा पायाशीं. उजेडाची खरी किंमत मात्र कळली ती तो काढून घेतला तेव्हां. सप्टेंबर १९३९ मध्यें युद्ध सुरू होतांच ब्रिटनमध्यें रात्रीं अंधार पाळण्याचा हुकूम सुटला आणि मोटारींच्या दिव्यांवर झांकणें चढलीं. पेट्रोलच्या टंचाईमुळें रस्त्यावरील रहदारी घटली असतांही १९४१ सालीं तेथें रस्त्यांवर ९,१६९ माणसें मरण पावलीं. त्या देशाच्या इतिहासांत हा आंकडा दुसऱ्या कोणत्याही वर्षीं गांठला गेला नाहीं. दिवा ही मोटारीची शोभा नसून तिचा प्राण आहे, हें सांगावयास याहून कठोर पुरावा नको.

एम. जी. हीं अक्षरें ‘मॉरिस गॅरेजिस’ या ऑक्सफर्डमधील दुकानाच्या नांवावरून आलीं. तेथील व्यवस्थापक सेसिल किंबर यानें साध्या मॉरिस गाड्यांना नवा बांधा देऊन चपळ मोटारी करावयास आरंभ केला. १९२९ सालीं हा उद्योग ऑक्सफर्डजवळील ॲबिंग्डन येथें गेला. त्याच कारखान्यांत १९६२ पासून १९८० पर्यंत एमजीबी तयार होत होती. पांच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या आणि त्यांतील फार मोठा हिस्सा अमेरिकेस गेला. ही श्रीमंतांची गाडी नव्हती. बेताच्या मिळकतीच्या तरुणाला वेगाची हौस पुरवितां यावी, या हिशेबानें तिचा प्रत्येक भाग केलेला होता. आणि हिशेब म्हटला कीं काटकसर आलीच.

तिच्या आरंभीच्या नमुन्यांतील दिव्यांचें विद्युन्मंडल असें आहे. आसनांच्या मागें, तळाखालीं सहा-सहा व्होल्टच्या दोन घटमाला जोडून बारा व्होल्ट केलेले असतात. तेथून आलेली वीज तपकिरी तारेनें खटक्याशीं येते. खटका पहिल्या टप्प्यावर आणला कीं लाल तारेनें बाजूचे व मागचे लहान दिवे लागतात. दुसऱ्या टप्प्यावर निळ्या तारेनें वीज झोत बदलण्याच्या खटक्याकडे जाते. तेथून निळी-पांढरी तार दूरच्या झोताला आणि निळी-लाल तार खालच्या झोताला वीज नेते. काळी तार ती गाडीच्या पत्र्याला परत देते. हे रंग ठरलेले असल्यामुळें मंडलाचा नकाशा समोर नसला तरी जाणता माणूस तारेच्या रंगावरून वाट काढूं शकतो. या मोठ्या दिव्यांच्या वाटेवर फ्यूज नाहीं. एका फ्यूजच्या वितळण्यानें दोन्ही दिवे भर वेगांत विझूं नयेत, असा त्यांत हेतु दिसतो. पण त्यामुळें सगळा भार खटक्यालाच सोसावा लागतो.

तो भार किती, याचा हिशेब शाळकरी मुलगाही करील. दूरच्या झोताचे दोन दिवे साठ-साठ वॅटचे धरले तर १२० वॅट; बारा व्होल्टनें भागिलें म्हणजे दहा अँपिअर. खटका नवा असतांना त्याचे पितळी-तांब्याचे स्पर्शबिंदु चकचकीत असतात आणि हा प्रवाह त्यांतून सुखानें जातो. परंतु दर वेळीं खटका उघडतांना बारीकशी ठिणगी उडते. दिवा लागतांना तंतु थंड असल्यामुळें क्षणभर नेहमींच्या कित्येक पट प्रवाह धांवतो. स्पर्शबिंदूंवर काजळी धरते, आंतील वंगण वाळून घट्ट होतें, स्प्रिंगेचा ताठा उतरतो. मग त्या जागीं रोध उत्पन्न होतो. समजा तो अवघा एक दशांश ओहम झाला. दहा अँपिअरला तेथें एक व्होल्ट खर्ची पडतो. दिव्यापाशीं बाराऐवजीं अकराच व्होल्ट पोंचतात आणि तंतूचा स्वभाव असा कीं तेवढ्यानें प्रकाश जवळजवळ चौथाईनें घटतो. हरवलेला व्होल्ट कोठें जातो? तो खटक्याच्या पोटांत दहा वॅटची उष्णता होऊन बसतो. उष्णतेनें स्प्रिंग आणखी सैल पडते, सैल स्प्रिंगेनें रोध वाढतो, रोधानें उष्णता वाढते. दुखण्यानें अशक्तपणा आणि अशक्तपणानें दुखणें, असें हें चक्र आहे.

आतां यांत मालकाचा हात पाहा. प्रकाश मंद झाला, तेव्हां त्यानें खटका उघडून पाहिला नाहीं. त्यानें शंभर वॅटचे दिवे आणून बसविले. प्रवाह दहाचा सोळा-सतरा अँपिअर झाला. जेम्स जूल यानें १८४१ सालींच सांगून ठेविलें आहे कीं उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते; म्हणजे खटक्यांतील उष्णता पावणेतीन पट झाली. अधिक उजेडाच्या लोभानें त्यानें अंधारच जवळ आणला.

दुरुस्तीची रीत अवघड नाहीं. धीराची मात्र आहे. प्रथम रोग कोठें आहे हें ठरविलें पाहिजे. दिवे लावून व्होल्टमापक क्रमाक्रमानें लावीत जावें: घटमालेपाशीं, तपकिरी तारेच्या टोंकाशीं, निळ्या तारेच्या आरंभीं, झोत बदलण्याच्या खटक्याच्या पलीकडे आणि शेवटीं दिव्यापाशीं. जेथें आंकडा एकदम घसरतो तेथें दोष. पुष्कळदां खटका निर्दोष निघतो आणि दोष पुढील जाळीमागच्या तारांच्या जोडांत किंवा काळ्या तारेच्या गंजलेल्या टोंकांत सांपडतो. कारण पावसाचें पाणी तेथें बारा महिने पोंचतें. न मोजतां नवा खटका आणणारा माणूस नाडी न पाहतां औषध देणाऱ्या वैद्यासारखा आहे.

दोष खटक्यांतच ठरला तर आधीं घटमालेची जोडणी सोडवावी; फ्यूज नसलेल्या मंडलांत तपकिरी तार पत्र्याला लागली तर तार जळावयास क्षण पुरत नाहीं. मग तारांना खुणेच्या चिठ्ठ्या बांधून खटका फळींतून काढावा. त्याच्या पत्र्याचे कान हळूच उघडतांना तो एका रुमालावर धरावा. कारण आंतील इवलीशी स्प्रिंग व गोळी उडाली म्हणजे दुपारभर शोधूनही हातीं लागत नाहींत. स्पर्शबिंदु अगदीं बारीक पॉलिश कागदानें उजळावे, घासून झिजवूं नयेत. वाळलेलें वंगण पुसून नवें बोटाच्या टोंकाएवढेंच द्यावें. सैल तारजोड पुन्हां आवळावे किंवा डाख देऊन पक्के करावे. खटका बंद करून त्याच्या दोन टोंकांमधील व्होल्ट पुन्हां मोजावे. एकाच्या जागीं व्होल्टचा लहानसा अंश उरला तर काम साधलें. आंतील आधाराचा भाग उष्णतेनें वितळला असेल तर मात्र माया धरूं नये. तो खटका बदलावा.

एवढें केल्यावरही मूळ अन्याय राहतोच. लहानशा खटक्यानें सगळा भार वाहावा, ही व्यवस्थाच सदोष. तिच्यावर उपाय आहे, आणि तो मोटारीहून जुना आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यानें १८३५ च्या सुमारास असें साधन केलें कीं दुरून आलेल्या दुर्बळ प्रवाहानें एक विद्युच्चुंबक जागा व्हावा आणि त्यानें दुसऱ्या, सबळ प्रवाहाची वाट उघडावी. तारायंत्राचे लांब पल्ले याच युक्तीवर साधले. तिलाच आज रिले म्हणतात. दिव्यांजवळ असे दोन रिले बसविले, त्यांना घटमालेकडून जाड तार व स्वतंत्र फ्यूज दिले, म्हणजे खटक्याला अँपिअरचा एखादा लहान अंशच वाहावा लागतो. त्यानें केवळ हुकूम करावयाचा. ओझें वाहणारे दुसरे. दिवे उजळतात आणि खटक्याचें आयुष्य वाढतें.

येथें जुन्या गाड्यांच्या उपासकांत दोन पंथ पडतात. एक म्हणतो, गाडी ॲबिंग्डनहून निघाली तशीच राहिली पाहिजे. रिले बसविलेली एमजीबी ही इतिहासाशीं केलेली लबाडी होय. दुसरा म्हणतो, गाडी रस्त्यावर धांवते म्हणून ती गाडी. नाहीं तर ती संग्रहालयांतील वस्तु. दोन्ही पक्षांत सत्याचा अंश आहे. तरी आमचा कौल दुसऱ्याकडे झुकतो, तो एका अटीवर: फेरफार असा असावा कीं पुढच्या मालकाला तो मागमूस न ठेवतां काढून टाकतां यावा, एकही मूळ तार तोडूं नये, पत्र्याला नवें भोंक पाडूं नये. ताशीं ६० मैल वेगानें जाणारी मोटार सेकंदाला ८८ फूट जाते, आणि तेवढ्या वेगांत ती थांबवावयास, ब्रिटिश वाहतूक-नियमांच्या पुस्तकाप्रमाणें, २४० फूट लागतात. तीन सेकंदांचा अंधार याहूनही लांब पडतो. या अंतरांत समोर कोण असेल, याला इतिहासाच्या शुद्धतेचें प्रयोजन नाहीं.

राहतां राहिला लुकासचा न्याय. इंग्रजी बोलणाऱ्या मोटारवाल्यांनीं त्याला ‘अंधाराचा राजपुत्र’ अशी पदवी बहाल केली. त्याच्या खटक्याला मंद, लुकलुक आणि बंद असे तीनच टप्पे असतात, अशी थट्टा दोन पिढ्या चालली. ज्यानें ‘मार्गाचा राजा’ विकून घर बांधिलें त्याच्या नांवाला ही पदवी चिकटावी, यांत विनोद आहे खरा. पण विनोद हा न्यायाधीश नव्हे. कारखान्यानें खटका केला तो त्या वेळच्या दिव्यांसाठीं आणि गाडी विकणाऱ्याच्या ठरलेल्या किंमतींत. तो साठ वर्षें टिकेल असें वचन कोणीं दिलें नव्हतें आणि मागितलेंही नव्हतें. काटकसर गाडी करणाऱ्याची, वाढता भार मालकाचा, पाऊस आणि गंज काळाचा. नांव मात्र एकट्याचें खराब झालें. रिलेची युक्ति ठाऊक असतां ती वगळली गेली, एवढा दोष गाडीच्या योजकांच्या पदरीं घालावा लागेल. परंतु तोही स्वस्त गाडी मागणाऱ्या गिऱ्हाइकानें वांटून घ्यावयास हवा.

‘दिव्याखालीं अंधार’ ही म्हण आपण माणसांविषयीं वापरतों. यंत्रांविषयीं ती शब्दशः खरी आहे. दूरवर झोत टाकणाऱ्या दिव्याचें सारें सामर्थ्य ज्या इवल्याशा स्पर्शबिंदूवर टेकलेलें असतें, तेथें कोणी उजेड नेऊन पाहत नाहीं. जुनी गाडी दुरुस्त करणारा माणूस तेवढेंच करतो. तो शिव्या देण्याऐवजीं मोजतो, फेंकून देण्याऐवजीं उघडून पाहतो, आणि ज्या अनाम हातांनीं ती स्प्रिंग व ती गोळी प्रथम जुळविली त्यांचें काम समजून घेतो. इतिहास वाचण्याचीही आम्हांस याहून वेगळी रीत ठाऊक नाहीं.